हमामवाल्याचं भाषण

— नाही हो, पुस्तक मागे घेतो असं कुठे म्हणालो मी? बसा तरी आधी. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय खिळखिळा झालाय — इथे बसा, तो शब्दकोश उचला आणि खाली ठेवा, खुशाल ठेवा. तुम्ही प्रुफं न्यायला आलात, मी प्रुफं देणार, त्यात वाद नाही. तुमच्या प्रकाशकांना फक्त एवढंच सांगा, की प्रकाशन समारंभ नको. गुपचूप छापा, गुपचूप विका. हसताय? हसा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन लोकांची टिंगल, मी लॅटिनमधून मराठीत आणलेली, तीही गुपचूप विकायची — वेडगळ वाटतं ऐकायला, मान्य आहे. पण तुम्ही माझ्या दादाला ओळखत नाही.

ओळखता? कसं काय? — हां, त्याच्या नळांच्या दुकानात गेला होतात. मग झालंच. नळ कुठल्या कंपनीचा म्हणून विचारलं असेल, तुम्ही सांगितलं असेल, आणि मग तो कपाळाला हात लावून ‘फसवलं हो तुम्हाला’ म्हणाला असेल. बरोबर? आणि तुमची पिशवी — ‘द्या इकडे, सांभाळून ठेवतो’ म्हणत गल्ल्यामागे ठेवली असेल. तो प्रत्येकाची ठेवतो. त्याचं बोलणं संपल्याशिवाय पिशवी मिळत नाही. गिऱ्हाईक या पायावरून त्या पायावर होत राहतं, आणि दादा आपला सांगतोय — मी कसा काहीच नव्हतो, कसा नळाची एक चकती घेऊन या धंद्यात आलो, आज गावातली अर्धी न्हाणीघरं कशी माझ्या हातची आहेत — ‘मी म्हणत नाही, लोक म्हणतात.’ हे वाक्य तर तुम्ही ऐकलंच असेल. आणि आमच्या पुस्तकात वाचलंही असेल. आता आलं ना लक्षात? बघा, चेहराच पडला तुमचा.

म्हणजे माझा नाइलाज होता, असं — नाही, नाइलाज म्हणजे काय, माझी पद्धतच तशी आहे. जिवंत तोंडून ऐकल्याशिवाय मला वाक्य उतरवता येत नाही. लॅटिन बोलणारा माणूस आता आणायचा कुठून? कुणाचं तरी तोंड उसनं घ्यावं लागतं. पुस्तकातला तो हमामवाला — भट्टीत लाकडं सारणारा गुलाम, पुढे सुटला, गावातल्या सगळ्या हमामांचा मालक झाला — आपल्या नव्या गरम हौदाचं उद्घाटन करतो, गावातल्या बड्या लोकांना फुकट आंघोळीला बोलावतो, आणि सगळे उघडेबंब पाण्यात उतरले की काठावर उभा राहून भाषण सुरू करतो. नोकरांना सांगून ठेवलेलं, भाषण संपेपर्यंत कुणाचेही कपडे द्यायचे नाहीत. काय प्रसंग आहे! आणि माझ्या हातून काय उतरत होतं? शाळेची तपासणी करायला आलेला साहेब बोलतोय असं. कागद फाडले मी, एकदा नाही, कितीदा तरी. मग एका संध्याकाळी दुकानात बसलो होतो, दादा एका म्हाताऱ्या गृहस्थांची पिशवी ठेवून घेऊन बोलत होता — आणि मला हमामवाला ऐकू आला. अक्षरशः ऐकू आला हो! घरी आलो आणि एका बैठकीत भाषण उतरवलं. त्यानंतर रोज संध्याकाळी दुकानात जायला लागलो. त्याला वाटलं, धाकट्याला अखेर धंद्याची गोडी लागली. वहिनीला सांगत होता, ‘रक्त आहे शेवटी.’

त्याला वाचून दाखवलंत का म्हणता? मी कशाला दाखवतोय! प्रुफं इथे टेबलावर होती, तो आला आणि उभ्या उभ्या वाचायला लागला. मी आपला दाराशी उभा. आणि तो हसतोय. टेबलावर थापा मारून हसतोय, डोळे पुसतोय, ‘काय नमुना आहे रे हा! असली माणसं असतात हां, आमच्या बाजारात चार आहेत’ — नावानिशी सांगितली मला चारही. मला हुश्श झालं. म्हटलं, सुटलो. खोटं कशाला बोलू, थोडा रागही आला त्याचा, की माणसाला इतकंही कळू नये? स्वतःचा आवाज ओळखू येऊ नये?

आणि मग तो म्हणाला, समारंभात हे भाषण मी वाचणार. मी! दुसऱ्या कुणाला जमायचं नाही म्हणे. सगळा बाजार बोलावतो, नळवाले, फरशीवाले, गवंडी, झाडून सगळे. आता सांगा, मी काय करायचं? ते सगळे पहिल्या वाक्याला ओळखणार. तो वाचणार आणि हॉलभर लोक त्याला हसणार, आणि तो खूश होऊन आणखी रंगवणार. म्हणून मी भाषण बदललं — हो, तुमच्या प्रकाशकांना तेच आवडलं नव्हतं ना, ते मधलं प्रूफ? सगळं छान पुस्तकी करून टाकलं. तर दादाच खवळला! ‘हे काय करून ठेवलंस? माणूस मेला की रे यात. आधीचं घाल.’ समोर बसून माझ्याकडून घालून घेतलं. आता दुपारी दुकान रिकामं असलं की तालीम करतो. वहिनी समोर बसते, आणि ती माझ्याकडे बघत नाही. तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं.

लाज वाटते का मला त्याची? वाटते. लहानपणापासून वाटते, चारचौघांत तो बोलायला लागला की मी खाली बघतो. आणि त्याच्याइतका जीव माझा कुणावर नाही. वडील गेले तेव्हा शाळा सोडली ती त्याने. मी मेलेल्यांची भाषा शिकतो म्हणालो तेव्हा अख्खं घर हसलं, तो नाही हसला. ‘शिकू दे,’ म्हणाला. ‘आपल्यात कुणीतरी असं काही शिकलेलं असावं, की ज्याचा उपयोगच नाही.’

पण मी तुम्हाला हे — असो. काल मी तालमीला गेलो होतो. मूळ लॅटिनमध्ये एक वाक्य आहे, मी घातलेलं नाही, हवं तर मूळ दाखवतो. भाषण ऐन रंगात येतं आणि हमामवाला बोट दाखवतो — ‘तो बघा, पलीकडच्या काठाला माझा धाकटा भाऊ. त्याला मी शिकवलं. बघा, सगळ्यांत मोठ्याने तोच हसतोय.’ एवढंच. ते वाक्य दादाने वाचलं नाही. मला वाटलं, नजर चुकली. त्याने पुन्हा पहिल्यापासून वाचलं, पुन्हा तेवढंच गाळलं. मी म्हणालो, दादा, एक वाक्य राहतंय. तर चष्मा काढून, काचा पुसत म्हणतो, ‘ते राहू दे रे. तू पुढच्या रांगेत असशील. लोक तुझ्याकडे बघतील.’

मी काय म्हणालो? ‘बरं’ म्हणालो. दुसरं काय म्हणणार!

म्हणजे कळलंय त्याला. केव्हापासून? ते टेबलावर थापा मारून हसणं — तेव्हाही? मला विचारता येत नाही. विचारलं तर आम्हा दोघांना एकमेकांसमोर उभं राहावं लागेल, आणि मग आम्ही बोलायचं काय? म्हणून तुम्ही सांगा. तुमच्याकडून कळवा, हॉल मिळाला नाही, पाहुणे आजारी पडले, काहीही — तो वाचायला उभा राहता कामा नये. एवढं करा माझ्यासाठी.

का? मान का हलवताय?

— निमंत्रणं वाटून झाली? सगळी? बाजारभर?

दादा स्वतः हिंडला?

ही घ्या प्रुफं. नाही, काही बोलू नका. जा तुम्ही.