नवशाला खेळात घ्या

...नाय, मला एक सांगा, माणसानं झोपायचं कधी? रातपाळी करून सकाळी खोलीवर यायचं, चहा ढोसायचा, रॉकेलच्या रांगेत डबा लावून यायचा, दोन घास पोटात ढकलायचे, दुपारी कुठं डोळा लागतोय न लागतोय तर साडेतीनला भिंतीपलीकडून सुरू... धप्! धप्! फाट्! "आई गं!" की पुन्हा धप्! पहिल्या दिवशी मला वाटलं, शेजारची सून मिरच्या कांडते. दुसऱ्या दिवशी वाटलं, कोणतरी कोणाला तरी बदडतोय, आणि खोटं कशाला बोलू, झोपेत मी मनात म्हटलं, बदड बाबा, पण जरा हळू बदड! तिसऱ्या दिवशी उठलोच. लुंगी सावरत मागच्या दारी गेलो आणि बघतो तर काय... आमचा नवशा! माझा खोलीतला जोडीदार! पस्तीस वर्षांचा घोडा, अंगात भोकाभोकाचं गंजीफ्राक, आणि दोन्ही हातांत दोरी घेऊन उड्या मारतोय!

आता तुम्हीच सांगा, दोरीच्या उड्या ही काय बाप्या माणसानं शिकायची गोष्ट हाय?

नवशा म्हणजे कोण, ते आधी सांगतो, नायतर तुम्ही म्हणाल लडकू मधूनच सुरू करतो. पाच पोरींच्या पाठीवर नवसानं झालेला, म्हणून नवशा. बकरा कबूल केला होता म्हणे आईनं. गाव पडघ्याच्या पलीकडं, आणि भिवंडीत कापडाच्या कारखान्यात एकटा चार लूम चालवतो. कामाला वाघ, पण बोलायला? तुम्ही विचारा, "काय रे, जेवलास का?" तर तो आधी विचार करणार, खरंच जेवलो का आपण! असा नव्हता हो पहिला. बायको होती तोवर बोलायचा, हसायचा, चंद्रा तिचं नाव. दोन वर्षांमागं तिला ताप आला आणि आठ दिवसांत खेळ खलास. मागं राहिली मैना, तेव्हा सात वर्षांची. आता इथं आमची कायमची रातपाळी, पोरीकडं बघणार कोण? चंद्राची धाकटी बहीण काशी त्याच गावात दिलेली, ती म्हणाली, "दाजी, चार दिवस राहू दे माझ्याकडं." चार दिवस! त्या चार दिवसांची दोन वर्षं झाली की नाय?

आणि भेटायचं कधी, तर शुक्रवारी. आमच्याकडं कारखान्यांना सुट्टी शुक्रवारची, ती काय तुम्हाला सांगायला नको. सकाळपासून सगळे लूम गप्प, आणि गाव असं शांत पडतं की कानात बोटं घातल्यासारखं वाटतं. मला ती शांतता गोड लागते, मी ताणून देतो! पण नवशा म्हणायचा, "लडकूदादा, लूम चालू असले की मला एकट्याला बरं वाटतं, त्या आवाजात तसंही कोण कोणाशी बोलतंय? पण शुक्रवारी बंद झाले की मग कळतं, आपल्याशी बोलायला कोण नाय." एवढं मोठं वाक्य वर्षात एकदाच बोलला असेल. मी म्हटलं, जा, पोरीला भेटून ये.

तर हा एसटीनं जायचा, शेवेचा पुडा घेऊन. पोर शाळेतून येणार पाचला, आणि ह्याची परतीची गाडी सातला. दुपारपासून हा काशीच्या ओट्यावर बसलेला, पाहुण्यासारखा. पोर आली की,

"आलास बा?"

"आलो. जेवलीस?"

"हां."

संपलं! आठवड्याभराचं बापलेकीचं बोलणं तिथं संपलं! पोर दप्तर टाकून, शेव मुठीत घेऊन, दोरी उचलून अंगणात मैत्रिणींत पळाली, आणि हा ओट्यावर बसून बघतोय. सटासट उड्या मारते हो पोर, पाय जमिनीला लागतात की नाय असं वाटावं! एक दिवस ह्यानं धीर केला, उठून जवळ गेला आणि म्हणाला, "मैना, मला घेता का खेळात?" तर पोरगी काय म्हणाली असेल?

"तुला दोरी येते?"

"नाय गं."

"मग जा, बस तिकडं."

वाईट मनानं नाय बोलली हो ती! पोरं अशीच बोलतात. पण हा बिचारा खरंच तिकडं जाऊन बसला आणि सात वाजेपर्यंत उठला नाय. भिवंडीला आला तो भाकरीला हातसुद्धा न लावता भिंतीकडं तोंड करून पडला. आणि दुसऱ्या दिवसापासून धप्, धप्, फाट्! त्याला दुसरं काय नको होतं, पोरीनं एकदा खेळात घ्यावं, बस्स. पण त्यासाठी माझ्या झोपेचा बळी? आणि पुन्हा तेच, दोरीच्या उड्या ही काय बाप्या माणसानं शिकायची गोष्ट हाय?

बरं, शिकतोय तर नीट तरी शिकावं! पहिली दोरी त्यानं कारखान्यातल्या तुटक्या सुताची वळली. हलकी! डोक्यावरून यायचीच नाय, हवेतच रेंगाळायची. हा आपला गुडघे छातीपर्यंत उचलून माकडासारखी उडी मारणार, खाली येणार, आणि मग सावकाश दोरी येऊन पायाला लागणार. आणि सवय बघा माणसाची! दोरी अडकली की ह्याचा हात आपोआप बाजूला जायचा, लूमचं हँडल बंद करायला! सुताची तार तुटली की आधी लूम बंद करायचा, बारा वर्षांची सवय ती. मग हा वाकून दोरी बघायचा, कुठं तुटली म्हणून! अरे मेल्या, दोरी नाय तुटली, तुझा पाय मधे आलाय!

हे सगळं बघितलं शमसूचाचांनी. शमसूचाचा म्हणजे आमच्या कारखान्याचे जॉबर, लूम बिघडला की दुरुस्त करणारे, आजमगडकडचे, तरुणपणी आखाड्यात घुमलेले. दाढीवरून हात फिरवत उभे राहिले आणि म्हणाले, "ए नवशा! ये क्या पंखा चला रहा है? कंधा मत हिला, कलाई से घुमा, कलाई से!" झालं! आता रोज साडेतीनला शिकवणी. गुरू, शिष्य आणि झोप उडालेला मी!

चाचांनी आधी ती सुताची दोरी फेकून दिली आणि विहिरीची जुनी काथ्याची दोरी आणली, वजनदार. "बीच में पाँव रख. दोनों सिरे बगल तक आने चाहिए, उससे लंबी नहीं." काखेपर्यंत मापून कापली. धरायला मुठी पायजेत, तर सूत गुंडाळायच्या दोन जुन्या लाकडी कांड्या आणल्या, आरपार भोक असलेल्या, त्यांतून दोरी ओवली. मग दोन दिवस दोरी हातातच दिली नाय! नुसत्या उड्या! "चवडे पे. एडी मत टेक. घुटना ज़रा ढीला. अबे कितना ऊँचा कूदता है, छत को सलाम करेगा? बस इतना, कि दोरी निकल जाए!" बोटभर उडी मारायची, कोपरं बरगडीला चिकटलेली, नजर समोर. नवशाची नजर समोर म्हणजे कुठं, तर थेट माझ्या खिडकीत! मी डोळा उघडला की समोर नवशाचं घामेजलेलं तोंड वर-खाली, वर-खाली... सांगा, कशी लागणार झोप?

तरी दोरी हातात आल्यावर दोन-तीनच्या पुढं गाडी जाईना. एक... दोन... फाट्! चाचा कपाळावर हात मारून म्हणाले, "अरे, तेरे कान में ठेका नहीं है क्या? लूम सुन! दीवार के पीछे लूम चल रहा है ना? हर ठोके पे एक!" आणि तुम्हाला सांगतो, जादू झाली! भिंतीपलीकडं लूम खटाक-खट, खटाक-खट, आणि अलीकडं नवशा त्याच्यावर उडी, उडी, उडी. बारा वर्षं तो आवाज रक्तात मुरलेला माणूस तो! पाच झाल्या, वीस झाल्या, आठवड्यात पन्नास झाल्या. चांगले सहा आठवडे चाललं हे, आणि एक दिवस शंभर! चाचांनी सगळ्यांना चहा पाजला. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या, झोप गेली ती गेलीच होती! नवशा दम खात हसला. दोन वर्षांत पहिल्यांदा दात दिसले त्याचे. म्हणाला, "लडकूदादा, ह्या शुक्रवारी तू पण चल. बघ आता घेते की नाय खेळात!"

गेलो. माझी हक्काची झोप सोडून, एसटीत पाटीवाल्या बाईच्या सुक्या बोंबलांशेजारी बसून गेलो. पाच वाजता मैना आली. आलास, आलो, जेवलीस, हां. आणि आज नवशानं पिशवीतून दोरी काढली! पोर थांबली. तिच्याबरोबर तुळजा आणि हौसा म्हणून दोन मैत्रिणी, त्याही थांबल्या.

"बा, तुला येते?"

"येते."

"खरंच? मार बघू."

अंगणाच्या मधोमध उभा राहिला. काय ते उभं राहणं! कोपरं बरगडीला, गुडघा सैल, नजर समोर, दोरी टाचेमागं. आणि... उभाच! मी बघतोय, पोरी बघतायत, काशी पीठ लागलेल्या हातानं दारात आलीय, आणि हा उभाच! मान जराशी वाकडी, कान लावल्यासारखी.

"मार ना रे बा!"

आणि तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. आयला! हा लूमची वाट बघतोय! आणि लूम कुठला तिथं? गावात आवाज कसला, तर एक कोंबडी क्वाक् करून गेली! सहा आठवडे शिकला, पण शुक्रवारी कधी दोरी हातात धरली होती? शुक्रवारी तर तो पोरीकडं असायचा! ठोक्याशिवाय तीनाच्या पुढं कधी गेलाच नव्हता माणूस! कोणाच्या ध्यानात आलं नाय, चाचांच्या नाय, माझ्या नाय. माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, "लडकूदादा, ठोका दे." मी काय लूम हाय? पण दिला! भर अंगणात उभा राहून तोंडानं "खटाक-खट, खटाक-खट"... चार ठोके झाले आणि मला बिडीचा खोकला आला. तिथं हा गडबडला, दोरी पायात, पाय दोरीत, आणि आमचा शंभर उड्यांचा गडी धाडदिशी ढुंगणावर!

तुळजा हसली, हौसा हसली, मेली कोंबडीपण पळाली. मैना नाय हसली. ती हसली असती तर बरं झालं असतं हो! तिनं आधी मैत्रिणींकडं बघितलं, मग खाली मान घातली. पोरीला बापाची लाज वाटली. नवशाला ते दिसलं, आणि तो पडल्या जागीच धूळ झटकत बसला, उठायची घाई नसल्यासारखा. तिथं मला वाईट वाटलं. माझ्या मनात आलं, ह्या माणसाला आता उठवून गाडीत बसवावं आणि पुन्हा इथं यायलाच नको.

पोरी गेल्या आपल्या खेळाला. त्यांनी मोठी दोरी काढली, दोघींनी दोन टोकं फिरवायची आणि तिसरीनं मधे नाचायची, ती. पण तुळजाला फिरवायला आवडत नाय, हौसाचा हात दुखतो, म्हणून एक टोक शेवग्याला बांधलेलं आणि दुसरं आळीपाळीनं एकीच्या हातात. आता झाड कधी दोरी फिरवतं काय? दर चौथ्या उडीला दोरी ढिली, पायात. तुळजा ओरडली, "ह्या शेवग्याला काय अक्कल नाय!" मैनानं इकडं तिकडं बघितलं. मग बापाकडं बघितलं.

"बा... तुला नुसती फिरवता तरी येते?"

उठला की हो गडी! शेवग्याची गाठ सोडली, टोक हातात घेतलं, कोपर बरगडीला... आणि कलाई से! काय फिरवली दोरी, तुम्हाला सांगतो! एकसारखी, एकाच जागी जमिनीला टेकणार, ना उंच ना ढिली. मैना आत शिरली. वीस, तीस, चाळीस... आता ठोका लागला नाय त्याला, पोरीच्या पायांचा आवाजच ठोका झाला. ती बापाकडं तोंड करून उड्या मारत होती आणि तो तिच्या तोंडाकडं बघत होता. दोघांत शब्द नाय, नुसते आकडे! हौसा म्हणाली, "तुझा बा बरा फिरवतो गं." "हां," मैना म्हणाली, उडी न चुकवता. काशी दोनदा ओरडली, "दाजी, गाडी जाईल!" गाडी गेली! पडघ्यापर्यंत चालत यावं लागलं, माझ्या चपलेचा अंगठा तुटला, ते कोणी विचारू नका.

निघताना ह्यानं विचारलं, भीत भीत, "मैना, पुढच्या शुक्रवारी येऊ?"

पोरगी दोरी गुंडाळत म्हणाली, "ये की. नाय आलास तर आम्ही शेवग्याला बांधू."

हा रस्ताभर हसतोय! मी म्हटलं, अरे वेड्या, हसतोस काय? सहा आठवडे माझी झोप मोडलीस, चाचांचा घसा बसवलास, बापजन्मात कोणी गाळला नसेल एवढा घाम गाळलास, आणि शेवटी मिळालं काय, तर झाडाच्या जागेवर बदली ड्युटी! तर मला म्हणतो कसा, "असू दे लडकूदादा... शेवगा काय तक्रार करणार नाय. एखाद वर्षात होईन परमनंट."