सोडलेला कागद

आमचं गाव चिपळूणकडचं, पण मी वाढलो परळच्या चाळीत, वडील गिरणीत होते. चित्रकला शिकलो ती एका मास्तरांच्या संध्याकाळच्या क्लासात. मास्तर म्हणायचे, मनोहर, वॉटरकलरमध्ये पांढरा म्हणजे कागदच, तो आधी वाचव, मग ब्रश उचल, एका चित्रात एकच गोष्ट सांग, बाकी गप्प बस. काय सांगू तुम्हाला, मला तेवढंच एक जमायचं.

मग अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास मीरा रोडला आलो, तेव्हा इथे मिठागरं, चिखल आणि बिल्डर. बिल्डिंग उभी राहायच्या आधी साइट ऑफिसात तिचं चित्र लावायला लागायचं, ते मी काढायचो. पहिलं काढलं ते मास्तरांच्या सांगण्यासारखं, एक बिल्डिंग, खाली पातळ सावली, बाकी कागद सोडलेला. शेठने बघितलं, म्हणाला, मनोहरभाई, ये खाली क्यूं छोडा, खाली जगह देखके पार्टी भागती है, गार्डन डालो, झुला डालो, बच्चे डालो. मी म्हटलं, शेठ, उधर गार्डन होगा क्या? तो म्हणाला, कागज पे तो डालो. मग टाकलं, झाडं टाकली, कारंजं टाकलं, कागद शिल्लक म्हणून ठेवला नाही, आणि झुल्यावर कोण बसवायचं तर आमच्या अक्काची सुनंदा बसवली, लाल फ्रॉक, दोन वेण्या.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण, आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. एकदा मला बघायला साइटवर आली आणि त्या चित्रासमोर उभीच राहिली, मन्या, ही तर आपली सुनंदा रे! घरी जाऊन भावोजींना म्हणाली, जागा घ्यायची तर तिथेच, आपली पोरगी तिथे आधीच खेळतेय. मी समोरच बसलो होतो, हातात चहा. सांगायला पाहिजे होतं ना? एक वाक्य होतं, अक्का, ते गार्डन खोटं आहे. नाही सांगितलं. म्हटलं कोण जाणे, बांधतीलही. आणि खरं सांगतो, ती जवळ राहायला यावी असं मला वाटत होतं, एकटा कंटाळलो होतो मी.

त्यांनी तिथेच जागा घेतली, आणि गार्डनच्या जागी दुसरी बिल्डिंग आली. अक्काच्या खिडकीतून हात बाहेर काढला तर तिच्या भिंतीला लागतो. सुनंदा आता कॉलेजात जाते. शेठ लोक चित्रं कॉम्प्युटरवर करून घेतात, मी दुकानांच्या पाट्या रंगवतोय, खांदा दुखतो, चालतंय.

गेल्या महिन्यात अक्का म्हणाली, मन्या, मला एक चित्र काढून दे, आधी इथे काय होतं त्याचं. किती वर्षांनी कागद भिजवला. एक बांध काढला, मिठाचे दोन ढीग, तेही रंगवले नाहीत, तिथे कागद नुसता सोडला. बाकी सगळं कोरं. हात शिवशिवत होता, बगळा टाकू, माणूस टाकू, पण ब्रश धुऊन ठेवला. अक्काने बघितलं, एवढंच? मी म्हटलं, एवढंच होतं गं. तिने खिडकीचं दार लावून घेतलं आणि चित्र त्या दारावरच टांगलं.

दर रविवारी जातो, चहा देते, जेवून जा म्हणते. इतक्या वर्षांत गार्डनचं तिने एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं हो. सुखी राहो बिचारी, दुसरं मी काय म्हणणार.