मिरकरवाड्याच्या नळातली ढील

जबाब, रत्नागिरी शहर, ता. १६ मे १९५७

नाव रघू सोनू मायंगडे, वय ४१, धंदा नळफिटर, नगरपालिका, राहणार रत्नागिरी.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मिरकरवाड्याच्या सार्वजनिक नळाला आज सकाळी पाणी आले. ओव्हरसियर लिमये साहेबांनी स्वतः तेथे उभे राहून खात्री केली आहे. मीही हजर होतो.

मंगळवारी दुपारी जमीन हलली. घरातील भांडी वाजली, कौले सरकली. त्यानंतर मिरकरवाड्याचे पाणी बंद झाले. टेकडीवरच्या टाकीपासून निघणाऱ्या या नळाचे वरच्या अंगाचे सर्व सांधे मी ताग ठोकून व शिसे ओतून केलेले आहेत. बंदराकडील भरावाच्या जमिनीतले काम यंदा हुसेन इब्राहिम फणसोपकर यास देण्यात आले. तेथे माझे सांधे दरसाल गळत, असे कारण सांगितले गेले. हुसेन पूर्वी बोटीच्या इंजिनखान्यात होता. नगरपालिकेचा नोकर नाही.

त्याने नळाची तोंडे घट्ट न ठोकता मध्ये बोटभर जागा ठेवली व वरून रबराचे कडे चढवले. शिसे वापरले नाही. मी हटकले असता तो म्हणाला, "भरतीला होडी ताणून बांधलीस तर ओहोटीला ती टांगून ऱ्हाते, रघूभाऊ. जमीनपन हलते. नळाला ढील नको?" हे बोलणे चार माणसांनी ऐकले. ती सगळी हसली.

काम चालू असताना माझी बायको काशी हिने त्यास कोकमाचे सरबत दिले. घरातले कोकम संपले, असे तिने मला आदल्या दिवशी सांगितले होते. हे मला कोणी विचारलेले नाही.

पाणी बंद होताच मी चौकीवर येऊन फिर्याद दिली की, हुसेनने नळ जाणूनबुजून ढिला ठेवला व तशी स्वतः कबुली दिली. 'ढील' व 'ढिला' यात फरक काय, असे आज फौजदार साहेबांनी विचारले. ढील म्हणजे मुद्दाम ठेवलेली सैल जागा. ढिला म्हणजे काम कच्चे. फिर्याद देताना मी दुसरा शब्द लिहून दिला. त्या वेळी जमीन खणून पाहिली नव्हती.

काल पंचांसमक्ष दोन्हीकडे खणले. हुसेनचा नळ सांध्यात दोन बोटे सरकला होता. वरची माती कोरडी होती. वरच्या अंगाला माझ्या एका सांध्याशी नळाचे तोंड चिरलेले आढळले. शिसे जागचे हलले नव्हते. ते पंचांनी पाहिले आहे, तरी लिहून घ्यावे.

पाण्यासाठी हंडे घेऊन थांबलेल्या बायांपैकी साबेरा म्हणाली, "तुमचा नळ सरळ, पन पानी गेला वाकडा." मग तिने "मेस्त्री, इकडं या" अशी हाक मारली. मी पुढे झालो. तिने हुसेनला हाक मारली होती. अठरा वर्षे या गावात मेस्त्री म्हटले की मी, असे होते.

फिर्यादीचे कळल्यावर हुसेन मला एवढेच म्हणाला, "रघूभाऊ, फिर्याद लय ताणून बांधलीस." शिवीगाळ केली नाही. चिरलेला तुकडा काढून पाणी तात्पुरते सुरू केले, ते त्यानेच. कंदील मी धरला.

फिर्याद मागे घेणार काय, असे विचारले. उद्यापासून माझे सर्व सांधे उघडून त्यांत रबराची कडी घालायची आहेत. सांधे हुसेन बसवील व मी नळ धरीन, असा लिमये साहेबांचा हुकूम आहे. पाणी सोडून पाहू द्यावे. एकही सांधा गळला नाही, तर फिर्यादीचे त्यानंतर सांगेन.

हा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. त्यात माझा धंदा नळफिटर असा ऐकू आला. तेथे मेस्त्री लिहावे, अशी विनंती केल्यावरून खाली सहीत तशी दुरुस्ती केली आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.

सही: रघू सोनू मायंगडे, मेस्त्री