दीड मीटर आत

—नाही गं, वेग कुठला? वेगबिग सगळं मागाहून चिकटवलेलं. सत्काराच्या पुस्तिकेत ‘वाऱ्यासारखा धावायचा’ असं घालायचं असेल तर घाल, बापाचा सत्कार आहे, थोडं फुगवायलाच हवं—पण मामाला विचारतेस म्हणून सांगतो, आमचा राखीव गोलकीपरसुद्धा त्याला शर्यतीत मागे टाकायचा. बस त्या खोक्यावर. तो नको, तो मोडका आहे. हां. आणि मैदानावरचं सांगताना मी ‘तो’च म्हणणार हं. घरातले ‘भावजी, तुम्ही’ वेगळे. आमची ओळख आधी इथली, नातं नंतरचं—मी इथे गवत राखणारा, तो खेळणारा—तुझ्या आईनं त्याच्याशी लग्न केलं त्या दिवसापासून मी ठरवून टाकलं, फाटकाच्या आत अरे-तुरे, फाटकाच्या बाहेर अहो-जाहो. जावईमाणूस पडला. तो मला दोन्हीकडे ‘दादा’च म्हणायचा, त्याला सोपं होतं.

तर विशेष काय होतं? तो खाली बघायचा नाही. विंगर म्हणजे कडेनं पळणारा, हे तुला माहीत आहे. बाकी दहाजणांना कडेची रेषा म्हणजे काय, चेंडू पलीकडे गेला की ‘आमचा, आमचा’ म्हणून हात वर करायची जागा. ह्याचा सगळा संसारच तिथे. उजवी कड. रेषेला चिकटून चेंडू न्यायचा, मान वर, समोरच्याला वाटायचं आता गेला बाहेर, आता गेला—आणि चेंडू रेषेवर, निम्मा आत. नऊ वर्षं. रेषा मी मारायचो, तो तिच्यावरून पळायचा. एकदा विचारलं मी, अरे, न बघता कळतं कसं तुला? म्हणाला, दादा, घरातले दिवे गेले तर तुला काडेपेटी सापडते ना? सापडते म्हटलं. खरं तर नाही सापडत मला.

हो, येतोय त्या मॅचवर. तुला तेवढंच ऐकायचंय, कळतं मला. घरी काय सांगतात? मुलगी झाली आणि पाय गेला. तुझी आजी तर—जाऊ दे, गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, पण बोलायची खरी. भावजी हसत हसत सांगतात. दर वाढदिवसाला. तू केक कापतेस आणि ते पाहुण्यांना म्हणतात, हिनं मला रात्रभर जागवलं आणि माझं करिअर संपवलं. सगळे हसतात. तूही हसतेस, मी बघतो ना. मी ताटलीत बघतो. आता ते जागरणाचं मुळात म्हटलं कुणी, तर—मीच. मध्यंतरात. त्याला काहीतरी सांगायचं म्हणून. थांब, क्रमानं सांगतो.

मॅच शनिवारची. शुक्रवारी सकाळी कोच आला. समोरच्या संघाचे दोन्ही विंगर म्हणजे नुसती हरणं. म्हणाला, मैदान अरुंद कर, दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर आत घे, पळायला जागाच ठेवू नकोस त्यांना. हे नियमात बसतं बरं का! रुंदी कमी-जास्त चालते, पंच बघून जातो, लबाडी नाही. मी जुन्या रेषेवर हिरवा रंग मारला, आत नवी पांढरी ओढली, कोपऱ्यांतले झेंडे आत घेतले. कुठे बोलू नकोस म्हणाला. मी म्हटलं, आणि आपला विंगर? कोच बघतच राहिला. आपल्याकडेही एक आहे हे त्याच्या डोक्यातच नव्हतं. मग म्हणाला, त्याला तू सांग, तुझाच मेहुणा आहे. म्हणजे सांगायचं माझ्याकडे होतं—हे पुस्तिकेत नको घेऊस.

तो त्या दिवशी सरावाला नव्हता, दवाखान्यात होता, तू येत होतीस. संध्याकाळी मी गेलो. दोन तास एका बाकावर त्याच्या शेजारी. बोललो की! नाक कुणाचं, कान कुणाचे, वजन किती. आणि रेषा? अगं, दवाखाना फाटकाच्या बाहेर. तिथे तो जावई. बहीण आत बाळंत, आणि मी म्हणू, अहो भावजी, मैदान दीड मीटर आत घेतलंय? जमेना. दोनदा तोंड उघडलं. एकदा नर्स आली, एकदा मीच म्हटलं, चहा घेणार का. म्हटलं उद्या फाटकात सांगू. दुसऱ्या दिवशी तो उशिरा आला, बूट हातात घेऊन थेट आत पळाला.

अकरा वेळा चेंडू बाहेर. मी मोजल्या, दुसरं कोण मोजणार. मान वर, चेंडू पायात, आणि कडेच्या पंचाचा झेंडा वर. लोक आधी हळहळले, मग हसले, मग गप्प झाले. देशाच्या संघाचे निवडणारे वर बसले होते, त्याच्यासाठीच आलेले—पाचव्या वेळेनंतर त्यांनी वही मिटली. मध्यंतरात तो माझ्याकडे आला. दादा, रेषा अंगावर येतेय माझ्या. एक वाक्य पुरलं असतं गं. मी म्हटलं, पोरीनं जागवलं असेल रात्रभर. त्याला पटलं! चेहरा हलका झाला, म्हणून मलाही बरं वाटलं. आणि खेळ सुरू झाल्यावर तो खाली बघायला लागला. जिंकलो आम्ही, एक-शून्य. कोच मला म्हणाला, जमलं की नाही?

रविवारी रेषा परत जागेवर. सोमवारी तो एकटाच आला आणि ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत पावलं मोजत गेला. नेहमीएवढीच भरली. दादा, मैदान बरोबर आहे, म्हणाला. मी म्हटलं, बरोबरच आहे. मग तो डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला. डोळे उत्तम निघाले. तेच वाईट झालं, चष्मा लागला असता तर चष्म्यावर ढकलता आलं असतं. पुढे दोन वर्षं पायांकडे बघत खेळला, मग खालच्या संघात, मग बाकावर, मग विम्याच्या कचेरीत. बाकीचं तुझ्या पुस्तिकेत आहेच.

काय? हो, एकोणीस वर्षं. सांगणार होतोच. अशी बघू नकोस. एक दिवसाचं पोर तू, दोन किलो आठशे—तू कुणाचं काय संपवणार? तुझ्यामुळे नाही झालं गं ते. माझ्यामुळे झालं. आणि मी दर वर्षी तुझ्यासमोर उभा राहून केक खाल्ला.

तो फोन... रेकॉर्डिंग चालूच आहे का? मग पुस ते. ते सगळं पुस—नको. थांब. उद्या सत्कारात माइकवर भावजी पुन्हा तेच बोलतील आणि तू पहिल्या रांगेत बसून हसशील. त्याच्या आधी ऐकव त्यांना. मी येत नाही बरोबर. समोर गेलो की मी दुसरंच काहीतरी बोलेन. ऊठ. दिवसभर इथेच आहे म्हणावं मी. जा, बाई, जा आता.