हिरवळीवर उगवलेली अक्षरं

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा, आपल्या सरपंच सविताताई. व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे. ज्यांना पाणीपुरवठ्याच्या कामातून निरोप द्यायला आपण जमलो ते सत्कारमूर्ती, माजी हवालदार भिमाजी ठुबे. शेजारी संकोचून बसलेल्या झुंबरवहिनी. माझे माजी सैनिक बंधू आणि बसायला जागा नसतानाही थांबलेली गावकरी मंडळी, सर्वांना माझा नमस्कार.

अठरा वर्षं गावाच्या नळाचं पाणी भिमाजीरावांच्या हातून सुटलं. त्याबद्दल आधीचे वक्ते भरभरून बोलले. मी आदिनाथ लामखडे, त्यांच्याच पलटणीतला क्लार्क. मला दुसऱ्याच पाण्याबद्दल बोलायचं आहे. अध्यक्षांची परवानगी आहे ना? आभारी आहे.

त्र्याण्णव सालचा उन्हाळा. आमची पलटण राजस्थानात होती. रोज पाण्याचे तीन टँकर यायचे आणि त्यातला एक अख्खा टँकर जायचा हिरवळीला! आमच्या सीओसाहेबांना, म्हणजे पलटणीच्या प्रमुखांना, कार्यालयापुढे हिरवळ हवी होती. जनरलसाहेब पाहणीला येणार होते. साहेबांचं नाव घेत नाही. ते हयात आहेत, आणि ईश्वर त्यांना उदंड आयुष्य देवो. पण जवानाला अंघोळ आठवड्यातून एकदा, तीही अर्ध्या बादलीत. निम्म्या कंपनीला खरूज झाली होती.

सैनिक संमेलनात साहेबांनी विचारलं, "किसी को कोई तकलीफ?" असं विचारल्यावर कोणी उठायचं नसतं, हे सगळ्यांना ठाऊक. हे भिमाजीराव उठले!

"साब, नहाने का पानी कम पडता है."

साहेब म्हणाले, "तो फिर पानी के पास ही रहो." आणि शिक्षा म्हणून यांना हिरवळीच्या कामाला जुंपलं. साहेबांची चूक एवढीच झाली, की शेतकऱ्याच्या हातात त्यांनी गवत दिलं आणि युरियाची गोणीही दिली.

चौथ्या दिवशी भिमाजी माझ्या टेबलापाशी आले. "आदिनाथ, आमच्या म्हाताऱ्यानं घासाच्या वाफ्यात युरिया फेकला, की मूठ जास्त पडली तिथं गवत काळंभोर व्हायचं. तुझं अक्षर चांगलं हाय. सुतळीनं आखून दे, बाकीचं मी बघतो."

भर दुपारी, साहेब झोपले असताना, मी सुतळी धरली आणि त्यांनी युरिया टाकला. होय वहिनी, आखणी माझी! हे मी आजपर्यंत घरातसुद्धा बोललो नव्हतो.

आठवड्याने फिकट हिरवळीवर गडद हिरवी, पुरुषभर लांबीची अक्षरं उगवली: "नहाना कब?"

काय सांगू तुम्हाला! साहेबांनी गवत कापायला लावलं, अक्षरं तशीच. पाणी जास्त मारलं, ती आणखी गडद. पाणी तोडावं, तर हिरवळच वाळणार. उद्यावर पाहणी आलेली. शेवटी साहेबांनी तोड काढली आणि आमची ऐंशी जणांची अख्खी कंपनी त्या अक्षरांवर उभी केली.

जनरलसाहेब आले, चौथऱ्यावर चढले. बोलायला लागले आणि मध्येच थांबून म्हणाले, "जवानों, इतने दूर क्यों? आगे आ जाओ."

वीस पावलं. ऐंशी जणांनी इतक्या आनंदाने हुकूम कधी पाळला नसेल!

जनरलसाहेबांनी वाचलं. आमच्या सीओंकडे पाहिलं. मग विचारलं, "किसने लिखा?"

भिमाजी एक पाऊल पुढे आले. "मैंने, साब."

"अकेले?"

"जी साब. अकेले."

मी दुसऱ्या रांगेत होतो. माझे पाय हलले नाहीत.

त्याच संध्याकाळी हिरवळीचा तिसरा टँकर बराकीकडे वळला. ऐंशी माणसं साबणाच्या फेसात नाचत होती, एकमेकांची पाठ घासत होती. दोन महिन्यांत सीओसाहेबांची बदली झाली. पण शिस्त ती शिस्त! भिमाजींना चौदा दिवस कोठडी मिळाली आणि नाईकपदाच्या बढतीची फीत दीड वर्ष लांबली. माझी फीत वेळेवर आली.

कोठडीत मी चहा घेऊन गेलो. कप पुढे केला. त्यांनीच विचारलं, "पोरांनी अंघोळ केली का?"

"केली."

"समद्यांनी?"

"समद्यांनी."

"मग झालं की. तू कशाला तोंड पाडतो? दोघं आत बसलो असतो, तर चहा कोणी आणला असता?"

(बघा, आत्ताही ते मला हातानं खुणावताहेत. काय म्हणता? "बस कर, लई झालं"? नाही भिमा, आज तुझं ऐकणार नाही.)

अध्यक्षांनी वेळ दिला, आयोजकांनी बोलावलं, आपण शांतपणे ऐकलंत, सर्वांचे मनापासून आभार. बोलताना कोणाचा मान राखायचा राहिला असेल, शब्द कमीजास्त झाला असेल, तर सभेनं मोठ्या मनानं सांभाळून घ्यावं. एक चूक मात्र सभेच्या नव्हे, भिमाजींच्या पदरात घालायची आहे. त्या दिवशी एक पाऊल टाकायचं माझं राहून गेलं. तीस वर्षं उशीर झाला. हा माईक ठेवतो आणि ते पाऊल आता टाकतो.

भिमाजी ठुबे, माझा सॅल्यूट घ्या. जय हिंद!