वसुलीवाल्याचे बूट

त्या ठेकेदाराचं नाव निघालंच हाय, तर ऐका. आमच्या काष्टी गावातल्या गोठ्यात त्यानं कोबा केला, पण उतार दिला उलटा. पाणी नालीकडं जायचं सोडून गव्हाणीकडं येतंय. गाईचं मूत गाईच्याच चाऱ्यात. चार वेळा बोलावलं, आला न्हाई. मी राहिलेले पैसे अडवले, तर त्यानं वसुलीला माणूस धाडला.

पांढरा शर्ट, चकचकीत बूट. आल्या आल्या म्हणतो, "काकू, आज पैसे न्हाई दिले तर कोर्टाची नोटीस येईल."

म्हणलं, "आधी काम बघा."

"काम बघायला न्हाई आलो मी."

"मग पैसे बी न्हाई मिळायचे. चला."

गव्हाणीपाशी खुर्ची टाकून त्याला बसवला. म्हणलं, "मी नालीजवळ बादली ओतते. पाणी नालीत गेलं, तर सगळे पैसे आत्ता देते. तुमच्याकडं आलं, तर काम खराब हाय असं तुमच्या कागदावर लिहून सही करायची."

तो हसला. "ओता की. नाली सोडून पाणी कुठं जातंय?"

ओतली. नालीकडं पाठ फिरवून पाणी निघालं, वाटेतलं शेणमूत गोळा करत थेट त्याच्या बुटात. गाय बाजूला सरकली, हा तसाच बसलेला.

काम खराब हाय असं लिहून सही केली त्यानं. निघताना विचारतो, "काकू, साहेबांना काय सांगू?"

म्हणलं, "सांगू नका काही. बूट दाखवा."