चाळीसच्या वर न गेलेला टर्बो

आरटीओच्या रांगेत माझ्या पुढे दोघं होते. जुनी मोटरसायकल विकणारे हिंमतराव आणि ती घेणारा तेजस.

"काका, टर्बो तुम्ही स्वतः बसवलात?"

"सहा वर्षं लागली. रोज कामावरून आलो की तेच."

"पळते किती?"

"चाळीसच्या वर कधी नेली नाही."

"अहो, चाळीसला टर्बो जागा तरी होतो का?"

"नाही होत. झोपू दे की बिचाऱ्याला."

"मी तर शंभरनं साताऱ्याला नेणार."

"पावसात?"

"नाही हो, कडक उन्हात."

"उन्हात रंग उडतो."

"काका, आपला नंबर आला. चला, सही करा."

हिंमतराव माझ्याकडे वळले.

"तुम्ही व्हा पुढे. घाईत दिसताय."

"काका! सकाळपासून हे सातवे!"